तिसरी डिस्क

मार्लीन कोस्केला जेवायला बसण्याआधी तवा घासून ठेवायची. ताटातलं जेवण निवलं तरी चालेल, पण सिंक रिकामं हवं. आम्ही शेजारणी तिला त्यावरून चिडवायचो. "अगं, तव्याला काय पाय फुटलेत? पळून चाललाय का तो?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "मागे काही पडलेलं असलं की मला घास उतरत नाही."

तिचं घर माझ्या समोर. आमच्याकडे बर्फ पडायला लागलं की महिनोन्‌महिने पडतच राहतं. सगळे जण ते थांबण्याची वाट बघून मग फावडं हातात घेतात. मार्लीन पडत्या बर्फातच बाहेर यायची. तिचा नवरा खाण बंद झाल्यावर कामासाठी नेव्हाडाला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हाही तिने त्याचे कपडे त्याच आठवड्यात धुऊन, इस्त्री करून, चर्चच्या दानपेटीत टाकले होते. मी म्हटलं, "थोडी थांबायचीस. परत आला असता तर?" ती म्हणाली, "आला असता तर नवे घेतले असते."

आम्ही दोघी गावातल्या हॉस्पिटलात होतो. मी दारातल्या नोंदणीच्या खिडकीवर, ती मागच्या बाजूला, कॉम्प्युटरच्या खोलीत. ती आली तेव्हा कागदी फायली लावायला आली होती. पुढे कॉम्प्युटर आले, त्यांच्याबरोबर जाड पुस्तिका आल्या, आणि त्या पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारी ती एकटीच निघाली, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं. खोली पूर्वी चादरी ठेवायची होती. शेजारी धुलाईखाना, त्यामुळे आत कायम साबणाचा वास यायचा. त्या वासात सर्व्हर घूं घूं करत असायचे आणि मार्लीन स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला लावून बसलेली असायची.

तिची जिवाभावाची मैत्रीण एकच, बॉनी रिंटाला. बॉनी शाळेची बस चालवायची. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या आणि अजून दर रविवारी चर्चच्या गायकवृंदात शेजारी उभ्या राहणाऱ्या. बाकी सगळं उलट. बॉनीच्या सिंकमध्ये शुक्रवारची भांडी सोमवारीही असत. तिचं हसणं रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू यायचं, आणि बसमधली पोरं तिच्या शिव्यांना जेवढी घाबरत तेवढीच त्या पाठ करून घरी म्हणून दाखवत.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बॉनीच्या छातीत गाठ सापडली. आमच्याकडे नाही, दोन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही काही कालची दिसत नाही. जुने फोटो असतील तर घेऊन या."

जुना फोटो होता. दोन वर्षांपूर्वी आमच्याच हॉस्पिटलात बॉनीचा मॅमोग्राम काढला होता आणि 'सगळं ठीक आहे' असं तिला कळवलं होतं. सगळं ठीक म्हटल्यावर पुढच्या वर्षी ती गेलीच नाही. तिचा नवरा रॉजर आता उठता-बसता तेच काढायचा. "गेल्या वर्षी गेली असतीस तर? तुला मी दहादा सांगितलं होतं." सांगितलं नव्हतं त्याने. पण घाबरलेला माणूस असंच बोलतो.

बॉनी माझ्या खिडकीशी आली ती केस गळलेल्या डोक्याला रुमाल बांधून. "हे बघ," ती म्हणाली, "मला भांडायचं नाही. मला कोर्टात जायचं नाही, ते रॉजरच्या डोक्यात आहे. मला फक्त बघायचंय. ते तेव्हाच होतं की नव्हतं? होतं, तर बघणाऱ्याच्या डोळ्यावर पडदा होता. नव्हतं, तर मी गाढव, मी गेले नाही. दोनातलं एक. मला कळू दे, म्हणजे रात्री पाठ टेकता येईल."

मी तिचा अर्ज नोंदवून पुढे पाठवला. एक्स-रे विभागाने सांगितलं, जुने फोटो आता निघणार नाहीत. साठवणीची जागा काठोकाठ भरली आहे, जुनं काही मागितलं की यंत्र अडकतं, नव्या डिस्क येणार आहेत, त्या बसल्या की बघू.

दुपारी आम्ही तिघी मागच्या पायरीवर पॅस्टी, म्हणजे मांस-बटाट्याच्या भाजलेल्या करंज्या, खात बसलो तेव्हा बॉनीने मार्लीनला धरलं.

"बये, तुझ्या त्या पेटीत माझा फोटो आहे ना? काढ की मग."

"सगळ्यांचेच आहेत. काढीन. आधी नव्या डिस्क बसू दे."

"म्हणजे कधी?"

"नोव्हेंबरात. शिकारीच्या दिवसांत. तेव्हा पेशंट नसतात, यंत्र हळू चाललं तरी कोणी ओरडत नाही. झालं की पहिला फोटो तुझा. मी स्वतः आणून देते."

"आणि तोवर ती पेटी मेली तर?"

मार्लीन हसली. तिने पॅस्टीचा कागद नीट चौकोनी घडी घालून खिशात ठेवला. "आपल्या गायकवृंदासारखं आहे ते. समज, पाच जणी मिळून एक गाणं धरून आहेत. एक जण आजारी पडली तरी बाकीच्या चौघींना तिची ओळ ठाऊक असते, त्या भरून काढतात. पेटीत पाच डिस्क आहेत. एक गेली तरी काही जात नाही. म्हणून तर मोठ्या डिस्क घालता येतात. एक जुनी काढायची, तिच्या जागी मोठी घालायची, चौघी मिळून तिला सगळं शिकवतात. ती शिकली की दुसरी काढायची."

"आणि ती शिकत असताना आणखी एखादी आजारी पडली तर?"

"तर गाणं गेलं. पण ते होत नाही सहसा."

"आपल्याकडे होतं," बॉनी म्हणाली. "गेल्या नाताळात एल्सी आणि शर्ली, दोघी एकदमच तापाने झोपल्या होत्या. आठव."

आम्ही तिघी हसलो. मला अजून आठवतं, मार्लीनच सगळ्यात जास्त हसली होती.

नव्या डिस्क आल्या. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला आमच्याकडे हरणांची शिकार उघडते आणि गाव रिकामं होतं. शाळेला सुट्टी असते, गॅरेज बंद, दंतवैद्य बंद. बाप्ये नारिंगी जाकिटं घालून रानातल्या आपापल्या कॅम्पवर जातात ते महिनाअखेरीला दाढ्या वाढवून परततात. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला मार्लीनने पहिली डिस्क काढली. मी जेवणाच्या सुट्टीत बघायला गेले. दार उघडं होतं. पेटीच्या तोंडाशी पाच खण, प्रत्येकावर हिरवा दिवा. तिने एक खटका दाबून खण ओढला, जुनी काढली, नवी बसवली. त्या खणावरचा दिवा नारिंगी होऊन लुकलुकायला लागला आणि पडद्यावर एक आकडा सरकायला लागला. इतका हळू की बघत बसलं तर हलतोय असं वाटेना.

"हे कधी होणार?"

"उद्या. मोठी आहे, आणि बाकीच्या म्हाताऱ्या झाल्यात."

पहिली नीट भरली. दुसरी नीट भरली. प्रत्येक वेळी पडद्यावर 'पूर्ण' असं आल्यावरच मार्लीनने जुनी डिस्क उचलली आणि तळघरात ड्वेनच्या कार्यशाळेत नेली. ड्वेन म्हणजे आमचा दुरुस्तीवाला. नळापासून पलंगापर्यंत सगळं त्याच्याकडे. हॉस्पिटलचा नियम होता की रुग्णांची माहिती असलेली डिस्क तशीच पडू द्यायची नाही, तिला मशीनने आरपार भोकं पाडायची, मगच भंगारात. या नियमाला मार्लीन जास्तच जपायची, कारण वसंतात तपासणीला आलेल्या लोकांना तिच्या टेबलाच्या खणात एक जुनी डिस्क सापडली होती. आमचे मुख्याधिकारी क्रेग व्हिटमार्श हे दक्षिणेकडच्या शहरातून आलेले, वयाने तिच्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "मार्लीन, लोकांची माहिती अशी बटाट्यांसारखी खणात ठेवता तुम्ही?" तिला ते फार लागलं होतं. तिच्या सबंध आयुष्यात कुणी तिला पसारेवाली म्हटलं नव्हतं.

शिकारीच्या आदल्या दिवशी सकाळी तिने तिसरी काढली. दुपारी मी तिच्यासाठी कॉफी घेऊन गेले तर ड्वेन दारात उभा, अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर टोपी, म्हणजे मनाने रानात पोचलेला.

"मार्लीन, तुझं भंगार आणतेस का आता? मी निघालो. कार्यशाळेला कुलूप लावतोय."

"किल्ली ठेवून जा."

"किल्ली ठेवून गेलो की माझी हत्यारं सबंध हॉस्पिटल वापरतं. गेल्या साली माझ्या करवतीने कोणीतरी टर्की कापली. नाही बाई. आत्ता, नाहीतर डिसेंबरात."

मार्लीनने पडद्याकडे पाहिलं. आकडा पावापर्यंतही आला नव्हता. जुनी तिसरी डिस्क टेबलावर होती, कागदी रुमालावर, सरळ रेषेत ठेवलेली.

"अजून भरून व्हायचीय," ती म्हणाली.

"पहिल्या दोन भरल्या ना?"

"भरल्या."

"मग ही कशाला रुसेल? चल, रॉजर ट्रकमध्ये हॉर्न वाजवतोय. तो माझ्याच कॅम्पवर आहे यंदा, बॉनीने घराबाहेर काढलाय त्याला. म्हणाली, तुझा चेहरा बघून माझं दुखणं वाढतं."

मार्लीनने खोलीभर नजर फिरवली. दोन आठवडे ती डिस्क कुठे ठेवायची, हे ती बघत असावी. टेबलाला खण होता. त्या खणाकडे तिची नजर गेली, मी पाहिलं. मग तिने डिस्क उचलली आणि ड्वेनच्या मागून खाली गेली. थोड्या वेळाने फरशीतून मशीनचा आवाज आला. तीनदा. ती वर आली तेव्हा तिच्या बाहीला धातूचा बारीक चुरा लागला होता. तो तिने केराच्या डब्यावर झटकला, हात धुतले, आणि मग कॉफी घेतली.

"झालं," ती म्हणाली. "आता मागे काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात चिटपाखरू नव्हतं. मी खिडकीवर बसून लोकरीचा गुंता सोडवत होते, तेव्हा मार्लीन आली. कॉरिडॉरच्या मधोमध येऊन थांबली. तिने स्वेटर उलटा घातला होता.

"चौथी गेली," ती म्हणाली.

मला कळलं नाही. "मग दुसरी घाल. नव्या आहेत ना?"

"तिसरी अजून शिकत होती." ती हळू बोलत होती, जणू मी लहान मूल होते. "अर्ध्यावर आली होती. आता दोघी नाहीत. उरलेल्या तिघींना काही सांगता येत नाही."

"मग जुनी तिसरी परत घाल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी जे बोलले ते बरोबर होतं, तेच करायचं असतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

"तिच्यात भोकं आहेत," ती म्हणाली.

क्रेग आले. ते शिकारीला जाणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाहेरच्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रतीचा. मार्लीन म्हणाली, ती तुम्हीच दोन वर्षांपूर्वी बंद केलीत.

"तुम्हीच म्हणाला होतात मार्लीन, की एक गेली तरी काही जात नाही."

"एक म्हणाले होते," मार्लीन म्हणाली.

डिस्क दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीकडे सगळं पाठवलं. चौथीच्या आतल्या चकत्या घासून गेल्या होत्या. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की बाकी काही होण्यासारखं नाही. ही भोकवाली जर आख्खी असती तर बहुतेक सगळं परत मिळालं असतं. मार्लीनने हे मला सांगितलं, क्रेगना सांगितलं, जो विचारेल त्याला सांगितलं. क्रेग म्हणाले, "डिस्क बिघडली, एवढंच. भोकांचं सगळीकडे बोलायची गरज नाही. जुन्या डिस्क नष्ट करणं हा नियमच आहे." तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. पण काळजीच्या खाली आणखी काही होतं. कोणाच्या जुन्या फोटोंची मागणी आली होती, ते त्यांना ठाऊक होतं. संकट परस्पर टळलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

बॉनीला सांगायला मार्लीन रविवारी चर्चनंतर गेली. मला म्हणाली, चल. मी नीसू, वेलदोड्याचा गोड पाव, भाजला होता, तो फडक्यात गुंडाळून घेतला. रॉजर कॅम्पवरून परतला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हरणाचं मांस पसरून, तुकडे कागदात बांधून त्यावर पेनाने लिहीत होता. बॉनी खिडकीशी खुर्चीत, पांघरूण घेऊन. ती निम्मी झाली होती. आवाज मात्र तोच.

"आली का माझी फोटोग्राफर! दाखव. कशी दिसतेय मी?"

मार्लीन उभीच राहिली. कोटाची बटणंही तिने काढली नाहीत. तिने सरळ सांगितलं. तिसरी काढली, ड्वेन निघाला होता, भरून व्हायच्या आधीच भोकं पाडली, चौथी गेली, सगळं गेलं.

टेबलावर कागदाची चुरचुर थांबली.

"सगळं म्हणजे?" बॉनी म्हणाली.

"सगळ्यांचं. तुझंही."

बॉनीने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "क्रेगने सांगितलं का तुला? भोकं पाड म्हणून?"

"नाही."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"सांगितलं असतं तर बरं झालं असतं, बये. मला त्याला तरी शिव्या घालता आल्या असत्या."

रॉजर उठला. त्याचे हात रक्ताने माखलेले होते, म्हणून तो ते पुढे धरून उभा होता. "हे तुला पटतं?" तो बॉनीला म्हणाला. "जी बाई बशी विसळल्याशिवाय कप खाली ठेवत नाही, ती असली चूक करते? नेमकी याच महिन्यात? आणि फुकट करते?"

"रॉजर, मी—"

"तू निघ इथून."

नीसू मी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. दुसरीकडे जागा नव्हती.

गाव लहान. नाताळाच्या आत सगळ्यांना कळलं. जे कळलं ते रॉजरच्या तोंडचं होतं, की हॉस्पिटलला वाचवायला तिने ते मुद्दाम केलं. किराणा दुकानात बायका मार्लीनशी बोलायच्या, फक्त हवेबद्दल. गायकवृंदात बॉनीची जागा रिकामी होती. मार्लीनच्या दुसऱ्या बाजूच्या शर्लीने एक पाऊल सरकून तीही बाजू रिकामीच ठेवली. मार्लीनने क्रेगकडे राजीनामा नेला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, "आत्ता गेलात तर लोक म्हणतील आम्ही तुम्हाला घालवलं, म्हणजे काहीतरी होतं. तुम्ही थांबा. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

रॉजरने वकील केला. जानेवारीत एका दुपारी मी माझ्या दारापुढचं बर्फ काढत होते, समोर मार्लीन तिच्या दारापुढचं. रॉजरचा ट्रक थांबला. तो खाली उतरला, पण फाटकाच्या आत आला नाही.

"एक वाक्य," तो म्हणाला. "वकील म्हणतो एक वाक्य पुरेल. 'क्रेगने मला सांगितलं.' तुझं काही जात नाही. तुला नोकर म्हणून सांगितलं, तू केलंस. तू सुटशील, आणि बॉनीच्या बाजूने कोणीतरी बोलल्यासारखं होईल."

"त्यांनी नाही सांगितलं, रॉजर."

"कोणाला माहितीये ते?"

"मला."

"मग तुला काय मिळालं त्यातून? सांग ना. काय मिळालं?"

"काही नाही."

"हेच," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "हेच कोणाला पटत नाही, मार्लीन. काहीतरी मिळालं असतं तर मी तुला माफ तरी केलं असतं."

तो गेला. मार्लीनने राहिलेलं बर्फ काढलं, पायरीवरचं झाडलं, फावडं पुसून आत नेलं. वकिलांपुढे तिने जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, भोकांसकट. दोन्हीकडच्या वकिलांना ते नको होतं. पुढे रॉजरच्या वकिलाने हळूहळू फोन उचलणं बंद केलं.

बॉनीने मात्र दार बंद केलं नाही. फेब्रुवारीत ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मी आणि मार्लीन दिवसाआड दुपारी जायचो. तिला पुसून काढायचो, चादर बदलायचो. आम्ही आलो की रॉजर गॅरेजमध्ये जाऊन बसायचा. बॉनी मार्लीनला टाकून बोलायची, पण तो टोमणाच असायचा, जुनाच. "हळू गं, मी काय सर्व्हर आहे का?" आणि मार्लीन गप्प हसायची. मला वाटलं होतं, असंच जाईल आता शेवटपर्यंत.

एका दुपारी आम्ही तिला कुशीवर वळवत होतो. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मार्लीन, एक विचारू? ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत तो फोटो तुझ्या खोलीत होता."

"हो."

"तू उघडून बघितला नाहीस?"

"एक्स-रे विभागाची मंजुरी आली नव्हती."

"बघता आला असता?"

मार्लीनने चादरीचा कोपरा गादीखाली खोचला. "आला असता. वेळ लागला असता, अडकला असता, पण निघाला असता."

"देवा," बॉनी म्हणाली. "आयुष्यात एकदा तरी वेळेच्या आधी, न विचारता काही केलंस का गं तू?"

"एकदा केलं," मार्लीन म्हणाली.

बॉनीला हसू फुटलं. ते इतकं आतून आलं की त्याचा खोकला झाला आणि आम्हाला तिला उठवून बसवावं लागलं. मी पाणी धरलं. खोकला थांबल्यावर तिने मार्लीनचा हात पकडला. त्या हातात काही जोर उरला नव्हता, पण मार्लीन वाकली.

"मग आता एक कर. म्हण, बघितला होता मी. म्हण, बॉनी, होतं त्यात तेव्हाच. पांढरा ठिपका होता, त्या आंधळ्याला दिसला नाही. म्हण."

मार्लीनने मोकळ्या हाताने तिचं पांघरूण सारखं केलं.

"मला माहितीये तू बघितला नाहीस," बॉनी म्हणाली. "मला माहितीये खोटं आहे ते. तरी म्हण. माझ्यासाठी म्हण. मला असं वाटू दे की मी चुकले नाही."

मी मार्लीनकडे बघत होते. मनात म्हणत होते, म्हण, म्हण. मीच म्हटलं असतं, पण माझं म्हणणं कोणाला हवं होतं? मार्लीनचे ओठ हलले.

"मला माहीत नाही, बॉनी," ती म्हणाली.

बॉनीने तिचा हात सोडला. रागाने नाही, कंटाळा आल्यासारखा. मग पुन्हा भिंतीकडे वळायला लागली, मी मदत केली.

"जा," ती म्हणाली. "सिंकमध्ये भांडी पडलीत."

मार्लीन गेली. मी बॉनीच्या पाठीला तेल लावत होते आणि स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता, खूप वेळ. निघताना पाहिलं तर तिने सगळी भांडी घासून पुसून ठेवली होती, शेगडीही, आणि ओट्यावर हरणाच्या मांसाचा जुना डाग होता तोसुद्धा काढला होता.

मार्चमध्ये बॉनी गेली. शेवटच्या आठवड्यात रॉजरने फक्त नर्सला आत येऊ दिलं. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं, तेव्हा मार्लीन बशा विसळायला उभी राहिली, तर शर्लीने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "आम्ही आहोत ना," म्हणाली. गोड आवाजात म्हणाली.

एप्रिलमध्ये हॉस्पिटलने तिच्या तीस वर्षांच्या नोकरीचा केक केला. क्रेगनी तिच्या कोटाला सन्मानाची पिन लावली आणि भाषण केलं. म्हणाले, कठीण काळात या संस्थेच्या पाठीशी उभ्या राहिल्या. कॅन्टीनमधल्या सगळ्या माना एकमेकींकडे वळल्या. ज्यांना अजून शंका होती त्यांची त्या वाक्याने फिटली. मार्लीन खाली बघत होती. केक बराच उरला.

त्यानंतर मी तिच्याकडे पूर्वीइतकी गेले नाही. कामं होती, असं म्हणायचं. पुढच्या नोव्हेंबरात, शिकारीच्या आदल्या दिवशी, तिने तीन दिवस बर्फ काढलेलं नाही हे पाहिलं आणि सूप घेऊन गेले. दार उघडंच होतं. आत वास येत होता. दह्याचे रिकामे डबे एकात एक घालून भिंतीला टेकवले होते, माझ्या कमरेएवढे. वर्तमानपत्रांचे ढीग. फुटलेला कप, त्याचे तुकडे एका बशीत. सिंकमध्ये भांड्यांवर भांडी.

मार्लीन टेबलाशी जेवत होती. समोर तवा, त्यात कालचं का परवाचं अंडं चिकटलेलं. मला बघून तिला आनंद झाला. बस म्हणाली.

मी बाह्या सरसावल्या आणि तवा उचलला. तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे," ती म्हणाली. "लागलं तर?"

मी तवा खाली ठेवला. बाहेरून ड्वेनचा ट्रक गेला. शेजारी रॉजर, दोघांची नारिंगी जाकिटं. त्यांनी आमच्या बाजूला पाहिलं नाही. मार्लीनने घास घेतला.

"एक शब्द होता," ती म्हणाली. "'होतं.' एवढाच म्हणायचा होता."

मी तिच्या समोर बसले. सूप निवत होतं. तिच्याकडे स्वच्छ चमचा नव्हता, म्हणून मी पिशवीतला माझा दिला.